अंदमानला कुठल्या महिन्यात जावं

त्या पाडव्याला आठल्ये गुरुजींचा फायदा मी बोटांवर मोजून ठेवला होता. सहल कंपनी पंधरा माणसांमागे एक जागा फुकट देत होती आणि ती त्यांचीच ठरल्यात जमा होती, कारण ते पैसे देऊन कुठे जातील यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नव्हता. म्हणजे विमान फुकट, बोट फुकट, आठ दिवसांचं जेवणखाण फुकट आणि परत आल्यावर वर्षभर यजमानांना सांगायला समुद्र. एवढं पदरात पडायला त्यांनी करायचं काय होतं? तर हातातल्या खडूनं फळ्यावर एक महिना लिहायचा नाही.

मिरजेच्या मगदूम मंगल कार्यालयात मी तेव्हा व्यवस्थापक होते. नोंदवही, किल्ल्या आणि ताटं-वाट्यांची मोजदाद माझ्याकडे. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे एक रीत होती. येत्या वर्षाचे लग्नमुहूर्त गुरुजी ऑफिसातल्या फळ्यावर लिहीत, मालक भूपाल मगदूम, म्हणजे आमचे अण्णा, फळ्याला झेंडूचा हार घालत, आणि मग त्या यादीबाहेरची तारीख आम्ही कुणालाही देत नसू. पंचांग घरोघरी असतं, मुहूर्त भिंतीवरच्या कॅलेंडरातही छापलेले असतात. पण आमच्या दारात फळा म्हणेल ते खरं. हा नियम अण्णांचाच. पार्ट्यांशी वाद घालायला लागू नये म्हणून त्यांनी तो काढलेला.

मुहूर्तांच्या बाबतीत गुरुजी मोठे दिलदार होते. पौषात लग्न नको म्हणणारी जुनी माणसं यायची, त्यांना पंचांगातला आधार दाखवून ते गप्प करायचे. दिवसाला चार लग्नं लावायचे आणि चौथ्याच्या मंगलाष्टकांत दोन कडवी आपोआप कमी व्हायची. दुपारी लग्नात मिळालेले नारळ संध्याकाळी ज्या दुकानातून आले त्याच दुकानात परत जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. असा हा माणूस.

आमची सहल दरवर्षी श्रावणात निघायची. श्रावणात लग्नं नाहीत, म्हणून कार्यालय रिकामं, म्हणून आम्ही मोकळे. गाणगापूर, श्रीशैलम, गोकर्ण, सगळं आम्ही छत्रीच्या काडीआडून पाहिलं. गोकर्णचा समुद्र तर नुसता ऐकला, दिसला नाहीच. त्या वर्षी कार्यालयाला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून अण्णांनी अंदमान काढलं. पोर्ट ब्लेअरच्या त्या तुरुंगाच्या दारात एकदा डोकं टेकायचं हे त्यांच्या मनात कधीपासून होतं. अर्धा खर्च त्यांचा, अर्धा ज्याचा त्याचा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी भांडारघरात पराती मोजत होते, तेव्हा महादेवीवहिनी आत आल्या आणि दार लोटून उभ्या राहिल्या. कार्यालयाचं स्वयंपाकघर त्यांच्या नवऱ्याच्या, शिवाप्पा तेरदाळे आचाऱ्याच्या नावावर होतं. पण अंदाज सगळा त्यांचा. सहाशे पानांना किती तांदूळ, किती डाळ, पावसाळी हवेत किती कमी, मुलीकडची मंडळी कोकणातली असली तर किती जास्त, हे त्यांना नुसतं पार्टीकडे बघून कळायचं. शिवाप्पा रांधायचे, वहिनी ठरवायच्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "अंदमान पौषात नाही का जमायचं?"

मी म्हटलं, पौषात मुहूर्त असतात. यंदा चार आहेत म्हणे.

त्या पोत्यावर टेकल्या. त्यांची लेक सुवर्णा पोर्ट ब्लेअरला दिलेली, जावई तिथं बंदर खात्यात. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते त्यांनी मला सांगितलं. सुवर्णाला दिवस गेले होते आणि तारीख जानेवारीच्या शेवटाची होती. अंगात रक्त कमी, म्हणून डॉक्टरांनी प्रवास बंद केलेला.

"पहिलं बाळंतपण आईकडं व्हायचं," त्या म्हणाल्या. "पोरगी येऊ शकत न्हाई, म्हटल्यावर आईनंच जायला पाहिजे. तिला सासू न्हाई ओ. जवळ कोण आहे तिच्या?"

मी म्हटलं, मग अण्णांना सरळ सांगा. रजा मागा.

माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की मीच ओशाळले. तेवीसेक वर्षांपूर्वी आधीच्या आचाऱ्यानं भर सीझनमध्ये आईच्या आजारपणासाठी रजा मागितली होती. अण्णांनी ती हसत दिली, वर गाडीभाडंही दिलं. आणि पुढच्या पाडव्याला स्वयंपाकघराचा करार शिवाप्पांच्या नावानं केला. त्या एका रजेवर या नवरा-बायकोचा संसार उभा राहिला होता. रजेची किंमत त्यांच्याइतकी कुणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आम्ही सगळे जमलो. सहल कंपनीचा माणूस माहितीपत्रक घेऊन आला होता आणि श्रावण म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा पडला. जूनपासून समुद्र खवळलेला असतो, बेटाबेटांतल्या बोटी कधी बंद होतील सांगता येत नाही, पाणी गढूळ. दिवाळीच्या आगेमागे वादळं. खरं म्हणाल तर जानेवारी. हवा छान, पाणी काचेसारखं, खालचे मासे वरून दिसतात.

बँडवाले नदाफ मास्तर म्हणाले, त्यांना माशांचं काही नाही, पण गोकर्णला क्लॅरिनेटच्या पेटीत पाणी शिरलं ते अजून निघालेलं नाही, तेव्हा कोरडा महिना असेल तर बरं.

अण्णांनी पत्रक उलटंसुलटं पाहिलं. "जानेवारी म्हणजे पौष. पौषात चार लग्नं. ती सोडून मी मासे बघायला जाऊ? आम्ही जैन माणसं, बघून तरी काय करणार?"

सगळे हसले. दारापाशी उभ्या असलेल्या महादेवीवहिनीही हसल्या, पण त्यांचा हात पदराचं टोक पिळत होता.

गुरुजींचं लिहिणं चालूच होतं. कार्तिकातल्या तारखा झाल्या, मार्गशीर्ष झाला. मग त्यांनी खडू उचलला आणि खाली माघ लिहिला.

मी म्हटलं, "गुरुजी, पौष राहिला."

"राहिला नाही. सोडला."

"का?"

"पौषात लग्न करू नये," ते फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

नदाफ मास्तरांना ठसका लागला. अण्णांनी चष्मा काढला. "गेल्या वर्षी पाच लावलीत तुम्ही. याच हॉलमध्ये."

"चुकलो. जुनी माणसं सांगत होती ते बरोबर होतं. यंदापासून नाही."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्या पत्रकावरच्या निळ्या पाण्याकडे पाहिलं, मग पुन्हा गुरुजींकडे. आपल्याच नियमात माणूस कसा अडकतो हे तेव्हा त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं. फळ्यावर नाही म्हणजे नाही, हे पंचवीस वर्षं तेच सांगत आले होते. हॉल रिकामा तो रिकामाच राहणार, आणि हॉल रिकामा असताना पगार देऊन माणसं बसवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"मग जाऊ पौषातच," ते शेवटी म्हणाले. "आणि गुरुजी, तुम्ही मासे नीट बघून घ्या."

गुरुजींनी खडू ठेवला, हात झटकले आणि प्रसादाचा पेढा तोंडात टाकला. मी मनात म्हटलं, आजवर पौषाला खिडकीतून आत घेणाऱ्या माणसानं फुकटच्या विमानासाठी दार लावून घेतलं. पण वहिनींचं काम झालं होतं, तेव्हा मी कशाला बोलू?

बोलायला देशिंगकर वकील आले. त्यांची मुलगी, अमेरिकेतला नवरामुलगा आणि त्याची दोन आठवड्यांची सुट्टी, सगळं पौषात बसत होतं. कॅलेंडर हातात घेऊन ते ऑफिसात उभे राहिले आणि गुरुजींना बोलावणं धाडलं. इथे तारीख छापलेली आहे, तुम्ही कोण नाही म्हणणारे, असा त्यांचा मुद्दा. गुरुजींनी आधी ऐकून घेतलं. मग वकिलांनी गेल्या वर्षीच्या पाच लग्नांची नावं घ्यायला सुरुवात केली, तसे ते ताठ झाले.

"वकीलसाहेब, पौषात मी अंतरपाट धरणार नाही. यंदा नाही, यापुढेही नाही."

"यापुढेही नाही," वकिलांनी शब्द उचलला. "हे लक्षात ठेवीन मी. पुढच्या वर्षी पौषात कुठल्या मांडवात दिसलात तर तिथं येऊन विचारीन."

"या की," गुरुजी म्हणाले.

वकील गेल्यावर मी म्हटलं, एवढं कशाला बोलायचं? यंदापुरतं नाही म्हटलं असतंत तरी भागलं असतं. समुद्र काय दरवर्षी बघायचा आहे?

"यंदापुरतं म्हटलं असतं तर त्यानं सोडलं असतं होय?" ते म्हणाले आणि उपरणं झटकून निघून गेले. वकिलांनी लग्न सांगलीला केलं आणि कोर्टाच्या आवारात गुरुजींची गोष्ट जो भेटेल त्याला सांगितली.

चेन्नईपर्यंत रेल्वे आणि पुढे विमान. विमानात गुरुजींनी खिडकी पटकावली, मोफत मिळालेल्या चॉकलेटच्या दोन गोळ्या खिशात टाकल्या आणि ढगांच्या वर गेल्यावर जानवं कानाला लावावं की नाही याचा विचार करत बसले. पहिल्या सकाळी ते समुद्रात स्नानाला उतरले आणि कमरेएवढ्या पाण्यात अडून राहिले. संकल्प सोडताना आपण कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर आहोत ते सांगावं लागतं. मिरजेत कृष्णा होती. इथं चहूकडे पाणी आणि नदी एकही नाही. दहा मिनिटं विचार करून त्यांनी काहीतरी पुटपुटून बुडी मारली. काय म्हणालात विचारलं, तर म्हणे, "कृष्णा जिथं जाऊन मिळते त्या पाण्यात, असं म्हटलं. हिशेबानं बरोबर आहे."

महिना मात्र उत्तम निवडला गेला होता, हे नाकबूल करता यायचं नाही. पाणी खरोखरच काचेचं. बोटीच्या तळातल्या काचेतून पोवळी दिसत आणि त्यांच्यावरून पिवळ्या माशांची वरात जावी तशी रांग. नदाफ मास्तर म्हणाले, या वरातीला बँड नाही तेवढंच कमी आहे. आम्ही सगळे आयुष्यात पहिल्यांदा कोरड्या कपड्यांनी सहल करत होतो.

महादेवीवहिनींनी यातलं काहीच पाहिलं नाही. रोज सकाळी लेकीला भेटून येते म्हणून त्या जावयाच्या स्कूटरवरून जात आणि संध्याकाळी परत येत. अण्णांनी एकदा विचारलं, मुलगी आम्हाला भेटायला का येत नाही? शिवाप्पा म्हणाले, तिला जरा बरं नाही. ते खोटं नव्हतं.

संध्याकाळी वहिनी परत आल्या की मी त्यांच्याकडे बघे आणि त्या मान हलवत. नाही. डॉक्टरांनी दिलेली तारीख आली आणि गेली. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. आमचं परतीचं विमान जवळ येत चाललं. माघ लागला की लगेच पाटलांचं लग्न होतं, आठशे पानांचं, आणि तयारीला तीन दिवस आधी हजर राहायला हवं होतं. मूल काही त्याप्रमाणे येत नव्हतं. मी एकदा म्हटलं, पोटातल्या पोराला मिरजेच्या तारखा कोण सांगणार? वहिनींना हसू आलं नाही.

परतीच्या दोन दिवस आधी, सकाळी लॉजच्या व्हरांड्यात आम्ही चहाला बसलो होतो. अण्णांना चहाबरोबर काहीतरी तोंडात टाकायला हवं होतं आणि आमचा चिवडा आदल्या दिवशीच संपला होता. तेव्हा त्यांना शिवाप्पांच्या खोलीतला पितळी डबा आठवला. मिरजेपासून प्रवासभर तो डबा वहिनींनी मांडीवरून खाली ठेवला नव्हता. काय आहे विचारलं की, सहलीचा खाऊ, एवढंच सांगत.

"सहा दिवस झाले," अण्णा म्हणाले, "सहलीचा खाऊ सहल संपल्यावर काढणार काय?" आणि शिवाप्पा उठायच्या आत ते स्वतःच डबा घेऊन आले.

झाकण काढून त्यांनी एक लाडू उचलला, अर्धा तोडून तोंडात टाकला आणि चावता चावता थांबले. उरलेला अर्धा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. तळलेला डिंक, खारकेची पूड, अळीव, जायफळ. पंचवीस वर्षं ज्या माणसाचा धंदा लग्न, डोहाळजेवण आणि बारसं यांच्यावर चालला, त्याला हा लाडू कोण खातं हे सांगावं लागत नाही.

शिवाप्पांनी चहाच्या कपात डोकं घातलं. मी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजी समुद्राकडे. तेवढ्यात वहिनी निघायच्या तयारीनं बाहेर आल्या आणि उघडा डबा बघून जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"वहिनी," अण्णा म्हणाले, "हे कुणासाठी?"

वहिनींनी डब्याचं झाकण उचलून हातात धरलं.

"सुवर्णाचे दिवस किती झाले?"

"भरून गेले, अण्णा. चार दिवस वर झाले."

"आणि परवा आपलं विमान."

"व्हय."

"आणि पुढं पाटलांचं लग्न."

"त्याचाच घोर लागलाय ओ," त्या म्हणाल्या.

अण्णांनी उरलेला अर्धा लाडू डब्यात परत ठेवला. मग तो उष्टा आहे हे ध्यानात येऊन पुन्हा काढला आणि हातात धरून बसले. "मला का नाही सांगितलं? मी रजा दिली नसती?"

"दिली असती की," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "आधीच्या आचाऱ्यालाबी दिली होती."

 अण्णांना राग आला की त्यांचे कान लाल होतात. मी कानांकडे बघत होते. ते लाल झाले, बराच वेळ तसेच राहिले आणि मग हळूहळू उतरले. मला वाटतं, तो आधीचा आचारी पुढे कुठे गेला, त्याची आई जगली की नाही, हे अण्णांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं, आणि हे त्यांना आत्ताच कळलं होतं.

"शालनताई," ते मला म्हणाले, "कागद आणा."

मी लॉजच्या काउंटरवरून कागद आणला. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. स्वयंपाकघराचा करार, दरवर्षीसारखा एका वर्षाचा नाही, तीन वर्षांचा, आजच्या तारखेनं. खाली सही करून त्यांनी तो शिवाप्पांच्या हातात दिला. "वहिनी महिनाभर इथं राहतील. तिकिटाचं मी बघतो. पाटलांचं लग्न तुम्ही करायचं."

शिवाप्पा अख्ख्या सहलीत दुसऱ्यांदा बोलले. "अण्णा, मला आठशेचा अंदाज न्हाई. तो हिचा."

"मग लिहून घ्या."

त्या दिवशी आम्ही कुठलंच बेट पाहिलं नाही. व्हरांड्यात बसून वहिनी सांगत होत्या आणि मी उतरवून घेत होते. किलो-लिटर त्यांना येत नव्हतं. कार्यालयातली मोठी परात, लहान परात, ओंजळ, घंगाळ, या मापात सगळं. पाटलांकडची मंडळी शेतातली, ती मसालेभात दोनदा घेतील पण जिलबीला दुसऱ्यांदा नाही म्हणतील, तेव्हा तिथं हात आखडा. तीन पानं भरली. शेवटी मी विचारलं, मीठ? "ते लिहू नका," त्या म्हणाल्या. "ते बघून घालायचं असतं." आणि एकदम पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. रडणं संपल्यावर डबा उचलून लेकीकडे गेल्या.

आता गंमत बघा. वहिनींना राहायला परवानगी मिळाली, घाई कुणालाच राहिली नाही आणि मूल दुसऱ्याच दिवशी आलं. आम्ही तुरुंगाच्या दारात होतो. अण्णा उंबऱ्यावर डोकं टेकून उठतात तोच जावयाची स्कूटर वळणावर दिसली. त्यानं हेल्मेट न काढताच सांगितलं, मुलगी झाली, दोघीही बऱ्या आहेत. शिवाप्पांनी त्याला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. नदाफ मास्तरांनी दोन्ही हात तोंडाशी धरून क्लॅरिनेटशिवायच लग्नातली सुरावट वाजवली आणि पहारेकरी धावत आला. अण्णांनी खिशातला रुमाल काढून डोळे पुसले आणि तुरुंगाला पुन्हा एकदा नमस्कार केला, जणू त्यानंच सुवर्णाला सोडवलं होतं.

गुरुजींनी जावयाला जन्मवेळ विचारली आणि माहितीपत्रकाच्या कोपऱ्यावर टिपून घेतली. मी टोमणा मारला, "काय गुरुजी, पौष हो. मग कसं करायचं?"

"जन्माला मुहूर्त लागत नाही," ते म्हणाले. "म्हणून तर तिथं मला कुणी बोलावत नाही."

पाटलांचं लग्न पार पडलं. भात एक पातेलं उरला, तो शिवाप्पांनी आपल्या हातचा म्हणून कबूल केला. महिन्यानं वहिनी परत आल्या आणि सगळं सुरळीत झालं.

सुरळीत म्हणजे, पुढच्या पाडव्यापर्यंत. फळ्यावर गुरुजींनी कार्तिक लिहिला, मार्गशीर्ष लिहिला आणि माघावर उडी मारली. अण्णा म्हणाले, अहो, यंदा कुठे जायचं नाही, लिहा पौष. गुरुजी म्हणाले, एकदा बोललो ते बोललो. अण्णांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग सांगलीहून एका तरुण गुरुजींना बोलावून फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात पौषाच्या तारखा लिहवून घेतल्या. तेव्हापासून पौषातली लग्नं ते तरुण गुरुजी लावू लागले. त्या महिन्यात आठल्ये गुरुजी सकाळी देवळात आणि दुपारी घरी असत. देशिंगकर वकील पहिली तीन-चार वर्षं पौषात मुद्दाम आमच्या दारावरून चक्कर मारून जात. मला आत कुठेतरी बरं वाटायचं. फुकटच्या विमानाचं भाडं वसूल होतंय, असं मी म्हणायची, आणि एकदा तर त्यांच्या तोंडावर म्हणाले. ते हसले आणि म्हणाले, "समुद्र मात्र छान होता."

चौदा वर्षांनी मी निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात पेढे द्यायला गुरुजींच्या घरी गेले. ते फार थकले होते, पण पेढा त्यांनी एक खाल्ला आणि दोन बाजूला ठेवले. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, गुरुजी, आता तरी सांगा, एका सहलीसाठी जन्मभराचा पौष कशाला घालवलात?

"सहलीसाठी?" त्यांनी मलाच विचारलं.

मग म्हणाले, "त्या पाडव्याला सकाळी मी महादेवीच्या स्वयंपाकघरात जेवलो. आमटी अळणी होती. बावीस वर्षं जेवत होतो, असं कधी झालं नव्हतं. मी विचारलं, तिनं सांगितलं. वाढून झाल्यावर पानापाशीच बसली. म्हणाली, गुरुजी, पौष रिकामा नाही का करता येत?"

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"एका वर्षापुरताच सोडायचा होता," ते म्हणाले. "त्या वकिलासमोर 'यापुढेही नाही' तोंडातून गेलं."

"मग परत घ्यायचं होतं. झालं गेलं होऊन गेलं होतं."

"काय सांगून परत घेऊ? बाळंतपणासाठी फळा खोटा लिहिला म्हणून?"

"अण्णांना तरी. ते तर विरघळले होते."

"विरघळले होते तिथं, बेटावर. इथं येऊन त्यांना कळलं असतं, की आचारीणबाईनं भटाला हाताशी धरून चार लग्नं बुडवली, तर?" त्यांनी पेढ्याचा कागद नीट घडी करून ठेवला. "करार तीन वर्षांचा होता, ताई. चौथ्या पाडव्याला पुन्हा सही लागणार होती. पुढे दर पाडव्याला लागत होती."

त्या चौदा वर्षांत ती सही कधी अडली नाही. महादेवीवहिनींची सुवर्णा दर दिवाळीला येते, नातीला मिरजेची आमटी लागते, आणि गुरुजींनी काय भरलं ते वहिनींना अजून माहीत नाही. त्यांना वाटतं, गुरुजींनी त्या एका वर्षी आपलं ऐकलं आणि पुढचे पौष आपल्याच मनानं सोडले.

ऑफिसात परत येऊन मी नोंदवह्या नव्या व्यवस्थापकाच्या हवाली करायच्या आधी एकेक वर्षाचा पौष उघडला. त्या बाळंतपणापायी कुणाचं किती गेलं ते मला एकदा पाहायचं होतं. वकिलांना सांगलीला जावं लागलं. अण्णांची चार लग्नं गेली, तीही एकदाच. शिवाप्पांचं एक पातेलं भात. माझी तीन पानं. आणि चौदा पौषांत तरुण गुरुजींनी आमच्या हॉलमध्ये लावलेली लग्नं मी दोनदा मोजली. एकेचाळीस. त्या सगळ्यांची दक्षिणा आठल्ये गुरुजींनी भरली.